भंगारांतला लोडर

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मी घरीं पोहोंचलों, त्याच सायंकाळीं आमच्या दारीं एक विचित्र पाहुणा आला. तो ट्रकवर साखळदंडांनीं जखडलेला होता. त्याचा रंग उन्हानें विटला होता, आणि चालकाच्या बैठकीखालीं गांधीलमाशांनीं घर केलें होतें. एका कंत्राटदाराच्या आवारांत चार पावसाळे उघड्यावर काढलेला हा ‘स्किड स्टीअर लोडर’ वडिलांनीं भंगाराच्या भावाहून थोडें अधिक देऊन घेतला होता. ते पैसे आईनें घराचें छप्पर नवें करण्यासाठीं सांठविले होते. आई कांहीं बोलली नाहीं. पण त्या रात्रीं तिनें गळक्या कौलांकडे दोनदां पाहिलें, तें मला दिसलें.

आमचें गांव सातारा जिल्ह्यांत आहे, आणि कोंबड्यांच्या दोन शेडवर आमचा चरितार्थ चालतो. एक बॅच विकली गेली, कीं खालीं अंथरलेलें भाताचें तूस आणि त्यांत मिसळलेलें कोंबडखत सगळें बाहेर काढावें लागतें. शेडचे खांब दाट व छप्पर ठेंगणें, त्यामुळें ट्रॅक्टर आंत वळत नाहीं. पाट्यांनीं उपसतां आठ दिवस जात. अमोनियाच्या उग्र वासानें माणसांचे डोळे चुरचुरत, आणि अलीकडे वडिलांस खोकल्यानें गांठलें होतें.

ज्या कामासाठीं आम्ही हें यंत्र आणलें, त्याच कामासाठीं तें जन्मास आलें, हें मला मागाहून समजलें. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत रॉथसे नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें सिरिल व लुई केलर हे दोघे बंधु लोहारकामाचें दुकान चालवीत. टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्यास खांबांच्या दाटींत फिरेल असें हलकें यंत्र हवें होतें. तें त्यांनीं १९५७ सालीं बनवून दिलें. त्यास तीनच चाकें होतीं. चार चाकांचा नमुना १९६० सालीं निघाला. या यंत्राचीं चाकें मोटारीच्या चाकांसारखीं वळत नाहींत. डावीकडचीं दोन्ही चाकें एका वेगानें व उजवीकडचीं दुसऱ्या वेगानें फिरलीं, कीं तें घसरत वळतें. आणि एक बाजू पुढें व दुसरी मागें चालविली, तर जागच्या जागीं गिरकी घेतें. हें सारें तेलाच्या दाबावर चालतें. इंजिन दोन पंप फिरवितें. प्रत्येक पंप आपल्या बाजूच्या मोटरीस तेल पुरवितो. आणि ती मोटर चेनच्या योगें त्या बाजूचीं चाकें फिरविते. ओझें उचलणाऱ्या बाहूंचा पंप निराळा. पण तेलाची टांकी सर्वांची एकच.

डिझेलची टांकी धुऊन आणि नवी बॅटरी जोडून वडिलांनीं किल्ली फिरविली. तिसऱ्या खेपेस काळा धूर सोडून इंजिन जागें झालें. आमचा आनंद मात्र क्षणभरच टिकला. बाहू वीतभर उचलले जाऊन थरथरत थांबले. उजवीं चाकें रखडत चाललीं, तर डावीं जागचीं हललींच नाहींत. घाण्याच्या बैलाप्रमाणें यंत्र स्वतःभोंवतीं फिरूं लागलें, आणि कुंपणाबाहेर जमलेली मंडळी हंसूं लागली. दुसऱ्या दिवशीं वडील नव्या पंपाची किंमत विचारून आले, तेव्हां त्यांचा चेहरा उतरला होता.

शेवटीं शेजारच्या गांवच्या वृद्ध मिस्त्रीकाकांना बोलावणें धाडलें. धरणांच्या कामांवर मोठमोठीं यंत्रें दुरुस्त करण्यांत त्यांचें आयुष्य गेलें होतें. त्यांच्या उजव्या हातास तर्जनी नव्हती. वडिलांनीं पाना पुढें केला. काकांनीं तो बाजूस ठेवला आणि टांकींतलें तेल कांचेच्या पेल्यांत घेतलें. तें ताकासारखें पांढुरकें होतें.

“बाळ, बाहू दुबळे, आणि दोन्हीकडचीं चाकेंहि दुबळीं. मग दोष प्रथम कोठें शोधावा?”

“सर्वांना समाईक आहे तेथें,” मी भीतभीत म्हणालों.

टांकीच्या तळाची जाळी गाळानें बुजलेली निघाली, आणि टांकींतून पंपांकडे जाणारी रबरी नळी चिरलेली आढळली. नवल हें, कीं तिच्यांतून तेलाचा थेंबहि गळत नव्हता! ती तेल ओढून घेणारी नळी. तिच्या चिरेंतून तेल बाहेर येत नाहीं, हवा आंत जाते. तेलांत फेस झाला, कीं दाबाचें बळ तो फेस चेपण्यांतच खर्च होतें. शिवाय पावसाचें पाणीहि टांकींत उतरलें होतें. जाळी धुतली, नळी, फिल्टर व सर्व तेल बदललें. बाहू सावकाश, पण न थरथरतां वर गेले.

इतक्यांत एका जोडापाशीं बारीक तुषार उडतांना दिसले, म्हणून मी तेथें बोट लावावयास गेलों. काकांनीं माझा हात झिडकारला आणि तेथें पुठ्ठ्याचा तुकडा धरला. त्यावर तेलाची ओली रेघ उमटली. “हें तेल कातडींतून आंत शिरतें. वर टांचणी टोंचल्याएवढी खूण, आणि आंतून हात सडतो,” असें म्हणून त्यांनीं आपला उजवा हात माझ्यापुढें धरला.

डावी बाजू अद्याप मृतवत् होती. वडिलांस वाटलें, पंपच गेला. काकांनीं यंत्र ठोकळ्यांवर उचलून घेतलें आणि नळ्यांची अदलाबदल केली. डाव्या पंपाचें तेल उजव्या मोटरीस, उजव्याचें डाव्या मोटरीस. दोष पंपांत असेल तर तो आतां उजवीकडे जाईल, मोटरींत असेल तर जागीं राहील. उजवीं चाकें चांगलीं फिरलीं. डावीं रखडतच राहिलीं. पंप निर्दोष ठरला! मग मोटरींच्या अंगांतून टांकीकडे परतणारें गळतीचें तेल त्यांनीं दोन बाटल्यांत धरलें. उजवीचा तळ जेमतेम झांकला, तोंवर डावी भरून वाहूं लागली. चाकें फिरविण्याऐवजीं तेल झिजलेल्या भागांतून निसटत होतें. ती मोटर पोत्यांत गुंडाळून आम्ही एसटीनें कोल्हापूरच्या उद्यमनगरांत नेली, आणि तेथील कारागिरांनीं ती चार दिवसांत नीट करून दिली.

आतां जी गोष्ट सांगावयाची, ती सांगतांना मला लाज वाटते. मोटर परत बसवितांना प्रत्येक नळीचें तोंड स्वच्छ बूच लावून बंद ठेवण्याचें काम मजकडे होतें. मैदानावर क्रिकेटचा सामना चालला होता. घाईंत एक नळी मीं उघडीच जमिनीवर टाकली. मी परतलों तों वळवाच्या वाऱ्यानें अंगणांत धुळीचे लोट उठले होते. मीं नळीचें तोंड सदऱ्यानें पुसलें आणि ती काकांच्या हातीं दिली. त्यांनीं विश्वासानें ती जोडली.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. कोणीं पाहिलें नव्हतें. बोलावें, तर वडिलांचा राग ओढवावा. न बोलावें, तर कदाचित् कांहीं होणारहि नाहीं! पण आढ्याकडे नजर गेली, कीं कौलांच्या फटींतून चांदणें दिसे, आणि ते पैसे कोठें गेले हें आठवे. सकाळीं वडील किल्ली फिरविणार, तोंच मीं सर्व सांगून टाकलें.

वडिलांनीं किल्ली काढून घेतली, पण शब्द काढला नाहीं. काकांनीं नळी सोडविली आणि तारेला पांढरें फडकें बांधून आरपार ओढलें. त्यावर तांबूस रेती आली. “या मुठींत मावणाऱ्या रेतीनें मोटरीवर चरे पडले असते,” ते म्हणाले, “आणि मग आपण सगळे कोल्हापूरच्या कारागिराला बोल लावीत बसलों असतों.” हें शेवटचें वाक्य मला छडीहून अधिक लागलें.

सबंध सकाळ सर्व नळ्या धुण्यांत गेली. त्या मींच धुतल्या. दुपारीं वडिलांनीं किल्ली माझ्या हातीं दिली आणि म्हणाले, “तूंच सुरू कर.” यंत्र सरळ पुढें गेलें, सरळ मागें आलें, आणि अंगणाच्या मधोमध त्यानें एक संथ गिरकी घेतली.

मृगापूर्वीं दोन्ही शेड दोन दिवसांत साफ झाल्या. सकाळच्या गारठ्यांत यंत्र अजून किंचित् डावीकडे ओढतें. त्या पावसाळ्यांत आमच्या छपरावर ताडपत्रीच होती. नवीं कौलें दिवाळींत चढलीं. तोंवर आईनें घरांत ठिकठिकाणीं पातेलीं मांडून ठेवलीं, आणि एकदांहि त्या लोडरला नांवें ठेवलीं नाहींत.

वाचकहो, चिरलेल्या नळीसारखा दोष बाहेर थेंबहि दाखवीत नाहीं, आणि आंत मात्र सारें बळ खाऊन टाकतो. यंत्रांतला तसा दोष काकांनीं शोधला. माझा मला शोधावा लागला, आणि तो इंजिन सुरू होण्यापूर्वीं सांगतां आला, याचें मला आजहि समाधान वाटतें.

एक विद्यार्थी, इयत्ता १० वी