मेंढीकोटातला पाचवा

मेंढीकोटाला चार माणसं लागतात आणि बेळगावात, कॅम्पातल्या आमच्या घरी आता आई-बाबा दोघंच असतात. मी पुण्यात, धाकटा भाऊ टोरांटोत. मोबाइलवर पत्त्यांचे तयार खेळ ढीगभर आहेत, पण त्यांत समोर अनोळखी माणूस नाहीतर मशीन. बाबा म्हणाले, "मशीनशी कसलं खेळायचं?" म्हणून ब्राउझरवर चालणारा आमचा घरचा मेंढीकोट मीच लिहायला घेतला.

पत्ते पडद्यावर दाखवणं सोपं. खरं काम सर्व्हरचं. साध्या वेबसाइटवर ब्राउझर विचारतो, सर्व्हर उत्तर देतो, संपलं. इथे भावाने बदामाची राणी टाकली की आईला न विचारता कळायला हवं. त्यासाठी वेबसॉकेट आहे, २०११ साली प्रमाणित झालेलं. पत्रापत्रीऐवजी फोन चालू ठेवावा तसं. बाकी नोड जेएसमधला थोडका कोड. डेटाबेसही नाही; कुणाकडे कोणती पानं, पाळी कुणाची, दहाची किती पानं कुणी ओढली, सगळं सर्व्हरच्या मेमरीत.

नियम एकच पाळला: ब्राउझरवर विश्वास ठेवायचा नाही. ५२ पानं चौघांकडे पाठवून पडद्यावर नुसती झाकली, तर जाणकार माणूस ती सहज उघडून बघतो. (आमचा धाकटा जाणकार आहे.) म्हणून ज्याची १३ त्यालाच जातात. आमच्याकडे बंद हुकूम खेळतात. ते झाकलेलं पान कुणी मागेपर्यंत सर्व्हरकडेच राहतं. हातात बदाम असताना किलवर टाकलं तर पान परत येतं. नेट गेलं तरी जागा आणि पानं तशीच असतात, जोडणी आली की डाव पुढे सुरू.

बाबांची शंका मात्र अस्सल खेळाडूची होती. "पिसणाऱ्याला सगळ्यांची पानं दिसतात की. मग तो कुणाच्या बाजूचा?" मी म्हटलं, त्याला स्वतःचा हातच नाही, जिंकून करणार काय? ते दोन दिवसांनी पटलं.

आता उन्हाळ्यात रविवारी रात्री आठला बसतो. टोरांटोत तेव्हा सकाळचे साडेदहा. आई-बाबा भिडू, एकाच सोफ्यावर, दोन फोन घेऊन. गेल्या चारही रविवारी तेच जिंकले. सोफ्यावरच्या खुणा सर्व्हरला दिसत नाहीत. भावाची मागणी आहे, पुढच्या वेळी त्यांना विरुद्ध बाजूंना बसव. आईने साफ नकार दिलाय.