अजून एक षटक

आमच्या महाविद्यालयाच्या संघात मी जलदगती गोलंदाज आहे. डिसेंबरात आमखास मैदानावर माझा चेंडू वाऱ्यासारखा सुटतो. फेब्रुवारीत मैदान तेच, धाव तीच. पण चेंडू फलंदाजापर्यंत जायला कुरकुर करतो. असे का व्हावे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

गोलंदाज दमतो तो केवळ त्या दिवसाच्या षटकांनी नव्हे. मागल्या साऱ्या षटकांनी. चेंडू टाकताना पुढचा पाय आपटतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार गुडघा, कंबर आणि मणके सोसतात. पुरेशी विश्रांती मिळाली तर ती झीज भरून निघते. नाही मिळाली, तर सावकाराच्या व्याजासारखी पुढच्या सामन्यावर चढते.

गोदावरीपलीकडच्या श्रीरामपूरचा झहीर खान पाहा. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. अंतिम सामना २ एप्रिलला झाला आणि ८ एप्रिलला आयपीएल सुरू! जुलैत लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी साडेतेरा षटकांत अवघ्या १८ धावा देऊन त्याने दोघांना बाद केले आणि मांडीचा स्नायू दुखावून तो लंगडत बाहेर गेला. ती मालिका आपण ४-० अशी हरलो. सगळा दोष त्या सहा दिवसांचा नसेल. पण शरीर हिशेब ठेवते. जसप्रीत बुमराहने ऑस्ट्रेलियात पाच कसोटींत दीडशेहून अधिक षटके टाकून ३२ बळी मिळवले. जानेवारी २०२५ मध्ये सिडनीच्या अखेरच्या डावात मात्र पाठीने दगा दिला. त्याला एकही चेंडू टाकता आला नाही.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याचा प्रत्येक चेंडू मोजतात. आकडा शंभराच्या आसपास गेला की त्याला बहुधा बाहेर बोलावतात आणि पुढे चार-पाच दिवस विश्रांती देतात. तरी हंगामाच्या शेवटी त्यांचेही खांदे आणि कोपरे बोलू लागतातच. पण निदान मोजणारा कोणीतरी असतो!

आपल्याकडे कर्णधार म्हणतो, "अजून एक षटक टाक रे, तूच आहेस!" या 'तूच आहेस'मध्ये केवढा मान आहे! आणि मेख तिथेच आहे. जो बैल नीट चालतो, त्यालाच जास्त ओढावे लागते. घरोघरच्या आया हे आपल्याहून चांगले जाणतात.

यंदा मी माझी षटके वहीत लिहितो. ती वही कर्णधाराला दाखवली. तो हसला, पण पुढच्या सामन्यात त्याने चेंडू एका नवख्या मुलाच्या हाती दिला. पोराला तीन चौकार बसले. मला वाईट वाटले, आणि थोडे बरेही.