उघडी वीट

लंडनच्या आग्नेयेला बेक्स्लीहीथमध्ये एकसारख्या घरांच्या रांगा ओलांडत गेलं, की उंच भिंतीआड ‘रेड हाऊस’ लागतं. 1860 साली ते बांधून झालं तेव्हा हा केंटमधला खेड्याचा भाग होता, भोवती फळबागा होत्या. डिझायनर विल्यम मॉरिसने ते स्वतःसाठी बांधून घेतलं. आराखडा त्याचा मित्र फिलिप वेबचा. स्वतंत्रपणे केलेलं वेबचं हे पहिलंच घर.

मी बराच वेळ नुसत्या खिडक्या बघत होते. कुठे उंच, कुठे बुटकी, कुठे अगदी गोल. एक ओळ म्हणून नाही. आत गेल्यावर उलगडा झाला. ज्या खोलीला जसा उजेड हवा, तिथे तशी खिडकी ठेवली आहे. त्या काळी विटांवर गिलावा चढवून त्याला दगडाचं रूप द्यायची पद्धत होती. वेबने वीट उघडी ठेवली, आतल्या शेकोट्यासुद्धा विटांच्याच. घर काटकोनात वळतं आणि त्या कुशीत विहीर आहे, तिच्यावर टोकदार कौलारू छप्पर. मला हे घर आवडतं ते या सरळपणासाठी.

जिन्यावरचं छत मात्र मान दुखेपर्यंत बघावं. निळ्या-हिरव्या नक्षीत बारीक टोचे दिसतात. गिलावा ओला असतानाच नक्षी टोचून ठेवली होती, म्हणजे ठिपक्यांच्या रांगोळीसारखे ते टोचे धरून कुणालाही रंग भरता यावा. बाजारात मनासारखं सामान मिळेना म्हणून मित्रांनीच भिंती रंगवल्या, फर्निचर केलं. त्यातूनच 1861 मध्ये मॉरिसची घरसजावटीची कंपनी उभी राहिली.

मुख्य खोल्या उत्तरेला, त्यामुळे घर थंड. त्यात मॉरिसला आजारपण आलं आणि लंडनची ये-जा झेपेना. 1865 मध्ये, अवघ्या पाच वर्षांत, त्याने हे घर सोडलं. पुढे इतर कुटुंबं इथे राहिली आणि 2003 मध्ये ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आलं.

2013 मध्ये एका शयनगृहातल्या भिंतीत बसवलेल्या कपाटामागे आख्खं भित्तिचित्र सापडलं: आदम, ईव्ह, हातात नौका घेतलेला नोहा. कुठली आकृती कुणाच्या हातची, याचे तर्क अभ्यासक अजून लढवतात. मला त्यात फारसं अडकावंसं वाटलं नाही. तिथे राहायला आलेल्या मित्रमैत्रिणींनी मिळून ती भिंत रंगवली, एवढंच मला पुरेसं होतं.