पाठीराख्यांची यादी

आमच्या घरात हरवलेल्या वस्तूंचं खातं संत अँथनींकडे आहे. किल्ल्या, आधार कार्ड, एका कानातलं, डब्याचं झाकण, काहीही सापडेनासं झालं की आई कपाट उघडण्याआधी त्यांचं नाव घेते. वस्तू सापडली तर "बघ" एवढंच म्हणते. नाही सापडली तर दोन दिवसांनी विषय आपोआप मिटतो. वसईतल्या कॅथलिक घरांत हे इतकं रोजचं आहे, की हे खातं नेमकं त्यांच्याकडेच का, हा प्रश्न मला पंचविशी ओलांडेपर्यंत पडला नव्हता.

पडला तो पप्पांच्या डोळ्यांमुळे. तीन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू असल्याचं कळलं. कळलं तेव्हा एका डोळ्याची बरीच नजर गेलेली होती. हा आजार कडेकडेने आत येतो. आधी बाजूचं दिसेनासं होतं, समोरचं नीट दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं : गेलं ते परत येणार नाही, उरलेलं टिकवायचं. रोज ठरलेल्या वेळी थेंब, दर काही महिन्यांनी तपासणी. त्या संध्याकाळी आईने थेंबांची बाटली ठेवायला प्लास्टिकचा डबा काढला आणि त्याच्या तळाशी संत लुसीचं छोटं चित्र ठेवलं. चित्रातल्या लुसीच्या हातात ताटली आहे आणि ताटलीत दोन डोळे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे सकाळ उजाडते तीच तिकिटांनी. काहीतरी बिघडतं, तिकीट उघडतं आणि पहिला प्रश्न असतो, हे कुणाचं? ज्याला तो भाग सगळ्यात जास्त कळतो, त्याच्या नावावर ते जातं. संतांची यादीही मला अशीच वाटायची, अडचण आणि तिच्यासमोर जबाबदार माणसाचं नाव. 'आश्रयदाते संत' हा त्यासाठीचा पुस्तकी शब्द. मला 'पाठीराखा' जवळचा वाटतो. पप्पांचं निदान झाल्यावर रात्री झोप येत नसे, तेव्हा मी फोनवर ही यादी वाचत बसायचे. कोणाचं खातं कोणाकडे, आणि का.

काही नोंदी सरळ आहेत. जोसेफ सुतार होते, म्हणून ते सुतारांचे, कामगारांचे. लूक वैद्य होते, म्हणून डॉक्टरांचे. आमच्या टीममध्येही हेच चालतं. पण थोडं पुढे गेलं की हा नियम मोडतो.

अपोलोनिया अलेक्झांड्रियाच्या. २४९ साली तिथे ख्रिस्ती लोकांवर जमाव चालून गेला, त्यात त्यांचे दात तोडले गेले. दातदुखीने कळवळणारे लोक त्यांचं नाव घेतात, आणि दंतवैद्यही. रोमच्या लॉरेन्स यांना २५८ साली मारण्यात आलं, आणि परंपरा सांगते की ते लोखंडी जाळीवर भाजून. ते आचाऱ्यांचे पाठीराखे. बार्थोलोम्यू यांची कातडी सोलली गेली, असं परंपरा मानते. ते चामडं कमावणाऱ्यांचे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा क्रूर विनोद वाटला. भाजल्या गेलेल्या माणसाकडे स्वयंपाकघर?

अँथनी लिस्बनमध्ये जन्मले, १२३१ साली पाडुआत वारले आणि वर्षभराच्या आत त्यांना संतपद मिळालं. हरवलेल्या वस्तूंचं खातं त्यांच्याकडे आलं ते एका पुस्तकामुळे. त्यांच्या स्तोत्रसंहितेच्या पोथीत त्यांनी स्वतःची टिपणं लिहून ठेवली होती. छपाई यायला अजून दोनशे वर्षं होती, म्हणजे तेवढी एकच प्रत, बॅकअप नाही. मठ सोडून निघालेल्या एका शिकाऊ साधूने ती नेली. अँथनींनी प्रार्थना केली, साधूला उपरती झाली आणि पोथी परत आली, अशी कथा आहे. म्हणजे शोधण्यातलं त्यांचं कौशल्य काही नव्हतं. त्यांचं हरवलं होतं, एवढंच.

इंजिनिअरिंगला असताना कोणी सांगितलं असतं तर माझ्या सगळ्यात उपयोगी पडले असते ते कुपर्टिनोचे जोसेफ. सतराव्या शतकातल्या इटलीतले हे साधू अभ्यासात अगदी कच्चे. परीक्षेत त्यांना नेमका तोच भाग विचारला गेला, जो त्यांना येत होता. आज ते परीक्षार्थींचे पाठीराखे आहेत. विद्यापीठात पहिले आलेले कितीतरी विद्वान संत यादीत असताना, रात्री दोन वाजता पोटात गोळा आलेली पोरं जातात ती या काठावर पास झालेल्याकडे. मला ते लगेच पटलं. मीही त्यांच्याकडेच गेले असते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. संत ठरवणं आणि पाठीराखा ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संतपदाची चौकशी हे किचकट काम आहे. त्यासाठी व्हॅटिकनमध्ये १५८८ पासून खातं आहे. साक्षी घेतल्या जातात, लिखाण तपासलं जातं, आजार बरा झाल्याचा दावा असेल तर डॉक्टरांचं मंडळ कागद बघतं. उमेदवाराच्या विरुद्ध बाजू मांडायला पूर्वी एक खास अधिकारी असायचा, त्याला लोक 'सैतानाचा वकील' म्हणत. इतका कडक कोड रिव्ह्यू मी कुठल्याच कंपनीत पाहिलेला नाही. पाठीराखेपण मात्र बहुतेक वेळा लोकच देऊन टाकतात. १९६९ साली चर्चच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून ख्रिस्तोफर यांचा दिवस काढला गेला, कारण त्यांच्या आयुष्याची विश्वासार्ह माहिती फार थोडी. पण प्रवाशांचे पाठीराखे ते राहिलेच. गाड्यांच्या डॅशबोर्डवरून त्यांना कोणी उतरवलं नाही.

कधी पोपही नेमणूक करतात. असिसीच्या क्लेअर आजारपणामुळे ख्रिसमसच्या मिस्सेला जाऊ शकल्या नाहीत, तेव्हा ती मिस्सा त्यांना खोलीच्या भिंतीवर दिसली, अशी कथा आहे. तिच्या आधारे पोप पायस बारावे यांनी १९५०च्या दशकात त्यांना टेलिव्हिजनच्या पाठीराख्या केलं. यावर मी आधी हसले. मग लक्षात आलं की इथेही मूळ गोष्ट अंथरुणाला खिळलेल्या बाईची आहे, जिला जिथे जायचं होतं तिथे जाता आलं नाही.

माझ्या धंद्यातलं नाव म्हणजे कार्लो अक्युटिस. १९९१चा जन्म, म्हणजे माझ्यापेक्षा थोडाच मोठा. ख्रिस्तप्रसादाशी निगडित चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने वेबसाइटवर मांडली, आणि २००६ साली पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला. असिसीतल्या त्याच्या कबरीत तो जीन्स आणि स्नीकर्समध्ये आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी तो संत झाला. लोक त्याला इंटरनेटचा संत म्हणतात. आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत पंचवीस जणांसह क्रुसावर गेले. जपानी येणारे दुभाषी, एवढीच त्यांची मोठी पदवी. त्यांना संतपद मिळायला १८६२ उजाडलं. त्यामानाने कार्लोचं तिकीट फारच लवकर बंद झालं.

आता लुसी. सिसिलीतल्या सिरॅक्यूजमध्ये, ३०४च्या सुमारास, सम्राट डायोक्लेशियनच्या छळात त्या मारल्या गेल्या. त्यांच्या सगळ्यात जुन्या चरित्रात डोळे काढल्याचा उल्लेखच नाही. ती कथा पुष्कळ नंतरची. जुनं आहे ते नाव, लॅटिन 'लुक्स' म्हणजे प्रकाश या शब्दाशी जोडलेलं. त्यांचा सण १३ डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात काळोख्या दिवसांत. स्वीडनमध्ये त्या दिवशी मुली डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालतात. म्हणजे प्रकाश आधी होता आणि ताटलीतले डोळे नंतर आले. दिसेनासं झालेल्या लोकांना त्या नावात प्रकाश ऐकू आला असेल, आणि तो आपल्यासारख्याच कुणाच्या तरी हातात असावा असं वाटलं असेल.

हे सगळं मी एका रविवारी आईला सांगितलं, थोड्या चिडूनच. म्हटलं, "डोळ्यांची गोष्ट मागाहून जोडलेली आहे. आणि डॉक्टर म्हणालेत, गेलेली नजर येत नाही. मग तू लुसीकडे रोज मागतेस तरी काय?"

आई वाल सोलत होती. म्हणाली, "नजर कुठे मागते मी? रात्री दोनदा उठतात ना, भिंतीला हात लावत जातात. तेवढा वेळ त्यांच्यासोबत कुणीतरी असावं, ज्याला काळोख ठाऊक आहे."

माझ्या तिकिटांच्या हिशेबात ही शक्यताच नव्हती. आमच्याकडे काम ज्याला जमतं त्याच्याकडे जातं, आणि दुरुस्ती झाली की तिकीट बंद. काचबिंदूचं तिकीट बंद होत नाही. हरवलेली माणसं, गेलेले दात, गेलेले पाय, यातलं पुष्कळसं बंद होण्यातलं नसतंच. माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं विकत घेणाऱ्या गर्दीत कॅथलिक असतात तसे हिंदूही असतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला हे कुठेतरी माहीत असतं. तरी लोक जातात. ही यादी लोकांनी वेगळ्या प्रश्नावर रचलेली आहे : हे कोणावर येऊन गेलंय?

पप्पा स्वतः लुसीबद्दल काही बोलत नाहीत. त्यांनी फोनवर टॉकबॅक लावून घेतला. बोट फिरेल तिथलं फोन वाचून दाखवतो. एका बँकेच्या अ‍ॅपमध्ये मात्र अर्ध्या बटणांना नावंच दिलेली नाहीत, तिथे फोन नुसतं 'बटण, बटण' करत राहतो. पप्पांनी ती बटणं मोजून पाठ केली. डावीकडून तिसरं म्हणजे शिल्लक. तेव्हापासून मी माझं काम पुढे पाठवण्याआधी टॉकबॅक सुरू करते, डोळे मिटते आणि प्रत्येक स्क्रीन एकदा ऐकते.

गेल्या वर्षभरात एक नवीन गोष्ट सुरू झाली आहे. आमच्या गावात, शेजारच्या आळीत, कुणाला काचबिंदू निघाला की फोन पप्पांना येतो. पप्पा डॉक्टर नाहीत. थेंबांबद्दल विचारलं तर ते डॉक्टरांकडेच पाठवतात. पण जिन्याच्या शेवटच्या पायरीला पिवळी पट्टी मारा, चहाचा कप पांढऱ्या ओट्यावर पांढरा नको, रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवायची, असलं सगळं ते सांगतात. परवा एका काकांचा फोन होता, पलीकडून रडण्याचा आवाज येत होता. बरं होईल असं पप्पा एकदाही म्हणाले नाहीत. बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूने कमी दिसतं तुम्हाला? माझंही डावीकडूनच सुरू झालं."