तरंगते घर कुठे आहे?

वास्तुकलेच्या पाचव्या वर्षाला एक प्रबंध करावा लागतो. तो लिहायचा कमी आणि काढायचा जास्त. माझा विषय आहे चढत्या पाण्याशी जुळवून घेणारी वास्तू. हे नाव उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक टुमदार बंगला पाण्यावर डुलू लागतो. काकांनी विचारले, मैत्रिणींनी विचारले, दूध घालायला येणाऱ्या दादांनीही विचारले, "मग तरंगतं घर कुठं आहे?"

तशी घरे जगात आहेत. नेदरलँड्समध्ये मास नदीकाठी मासबॉमेल येथे ती एरवी जमिनीवर बसलेली असतात. खाली काँक्रीटचा पोकळ पेटारा आणि बाजूला लोखंडी खांब. पाणी आले की घर खांबांच्या आधाराने सरळ वर चढते, साडेपाच मीटरपर्यंतसुद्धा. ओसरले की जागेवर बसते. २०११ च्या पुरात ती अशी चढलीही. हुशारीची गोष्ट आहे, यात शंका नाही.

पण माझे गाव मासकाठचे नाही, कृष्णाकाठचे आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात. २००५ साली नदी ५३ फुटांवर गेली आणि २०१९ च्या ऑगस्टात ५७ फूटही ओलांडून गेली. या पाण्याला घाई नसते. ते पायरी पायरी चढते आणि मग हट्टी पाहुण्यासारखे दिवसचे दिवस मुक्काम ठोकते.

आता घर तरंगवायचे म्हणजे हिशेब आला. एक घनमीटर पाणी बाजूला सारले की एक टन वजन पेलले जाते. पन्नास चौरस मीटरचे विटा-स्लॅबचे घर साठ-सत्तर टन भरले, तर ते सव्वा-दीड मीटर बुडाल्याखेरीज तरंगणार नाही. तेवढा पेटारा हवा, त्यासाठी खड्डा हवा, आणि त्या खड्ड्यात नदीने आणून टाकलेला गाळ दर खेपेला उपसायला हवा. एवढे करूनही खरा प्रश्न राहतोच. तो मला एका आजींनी विचारला. "घर तुझं तरंगंल गं पोरी, पर म्हशी कुठं बांधू?"

२०१९ साली त्या दोन दिवस घरातून हलल्या नव्हत्या. दावणीला दोन म्हशी होत्या आणि त्यांना सोडून जायचे कुठे? कृष्णाकाठची कितीतरी माणसे अशीच मागे राहिली. जनावरांपायी, धान्यापायी, घराच्या ओढीने. मग निघायची वेळ येते तेव्हा रस्ता बुडालेला असतो आणि हाताशी उरते ती नाव. त्याच वर्षी ब्रह्मनाळजवळ पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. त्या बातमीनंतर माझ्या लेखी प्रबंधाचा प्रश्न एकच उरला: माणसे वेळेवर का निघत नाहीत?

उत्तराचा धागा मला नृसिंहवाडीत सापडला. तिथे कृष्णा चढली की देवळात येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. उत्सवमूर्ती त्याआधीच वरच्या जागी नेलेली असते. लोक या सोहळ्याला स्नानासाठी गर्दी करतात. पाण्याला वाट द्यायची आणि जपायचे ते वेळेवर वर न्यायचे, हे त्या देवळाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

म्हणून माझ्या नकाशात तरंगते घर नाही. आहे ती गावाची शाळा. तळमजला खांबांवर मोकळा. पाण्याने खुशाल यावे-जावे. वर्ग २०१९ च्या पाणरेषेहून उंच. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याची टाकी वर, संडासाची टाकी बुडणार नाही अशी, एका अंगाला चाऱ्याचा माळा. आणि मुख्य म्हणजे जिना नव्हे, उतार; कारण म्हैस जिना चढत नाही. या उताराचा आणखी एक गुण घाटासारखा आहे. पाणी कितीही चढो, त्याचा कुठला तरी भाग काठालाच असतो, तिथे नाव लागते. एरवी वर्षभर त्यावरून पोरे धावतील.

आमच्या मार्गदर्शकांना हे जरा साधे वाटते. परीक्षकांसमोर काहीतरी नजरेत भरणारे हवे, असे ते म्हणतात, आणि त्यांचेही खोटे नाही. मी नकाशा घेऊन आजींकडे गेले. त्यांनी तो उलटासुलटा पाहिला, बोटाने उतार चाचपला आणि विचारले, "ह्यो किती रुंद?"

"दोन मीटर."

"तीन कर. एक म्हस बिचकून माघारी फिरली तर मागची वर कशी जाईल?"

उतार आता तीन मीटरचा आहे.