चिंचोके

परकर-पोलक्याच्या वयात चिंचोका म्हणजे दान. दगडावर घासून तो फोडायचा, दोन डाळी सुट्या करायच्या. एक अंग तपकिरी, एक पांढरं. मुठीत खुळखुळवून टाकायच्या आणि पांढऱ्या किती पडल्या त्यावर सोंगटी हलवायची. भाजलेले चिंचोके खाऊन दाढ दुखवून घेणं, हा दुसरा उपयोग. तिसरा सनगरांना ठाऊक. घोंगडीच्या खळीसाठी त्यांना चिंचोके लागत. घरोघरी चिंचा फोडून झाल्या की ते येऊन मापानं घेऊन जात.

पुढे शिक्षिका झाले तेव्हा चिंचोका पुन्हा हाती आला तो नाइलाजानं. शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. 1987 साली देशभर खडू-फळा मोहीम सुरू झाली आणि यथावकाश आमच्याकडेही शैक्षणिक साहित्याची पेटी आली. चांगली होती. पण आल्या आल्या ती डेड स्टॉक रजिस्टरला चढली, आणि रजिस्टरला चढलेली वस्तू पोरांच्या हाती द्यायला कुणाचाही जीव धजत नाही. एक मणी हरवला तर भरून कोण देणार? म्हणून पेटी कपाटात, आणि कपाट उघडायचं ते साहेब तपासणीला आले की. चिंचोका कुठल्याच रजिस्टरात नव्हता. हरवला, फुटला, कुणी चघळला, तरी खुलासा मागायला कुणी येणार नव्हतं. अशा साहित्याचं कौतुक करताना लोक ते फुकट मिळतं हे सांगतात; मला विचाराल तर खरी सोय ही होती.

ही वाट आधीच कुणी चालून गेलं होतं, हे नंतर कळलं. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा माँटेसोरीबाईंच्या महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तूंवरच त्यांनी भर दिला होता.

चिंचोक्यांनी मला सगळ्यात जास्त साथ दिली ती दुसरीच्या वजाबाकीत. दहा चिंचोके मोजून रिकाम्या काडेपेटीत भरायचे, ती पेटी म्हणजे दशक. बत्तिसातून सतरा काढायचे आहेत. समोर तीन पेट्या, दोन सुटे. सुट्यांतून सात मागितले की पोर गप्प. पेट्यांकडे बघतं, माझ्याकडे बघतं, आणि मग हळूच विचारतं, “बाई, एक पेटी फोडू?” फोड म्हटलं की बारा सुटे होतात, सात सुटे आणि एक पेटी बाजूला जातात, उरतात एक पेटी आणि पाच. फळ्यावर तीनाला काट मारून डोक्यावर दोन लिहायचे, ते का, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

बारा चिंचोक्यांच्या सारख्या ओळी करायला सांगाव्यात. दोन ओळी जमतात, तीन, चार, सहाही जमतात. मग एक वाढवून तेरा द्यावेत आणि गंमत बघावी. मूळसंख्या हे नाव पुस्तकात यायला अजून बराच अवकाश असतो. पहिलीत मात्र एक डोळा पोरांच्या नाकांकडे ठेवावा लागतो. आणि आठ अधिक पाचसाठी वर्षअखेरीलाही कुणी डब्यात हात घालत असेल, तर डबा मी सरळ उचलून ठेवत असे.

सहावीचा वर्ग मिळाला तेव्हा लहानपणच्या त्या डाळी आठवल्या. पूर्णांक संख्या! तपकिरी बाजू धन, पांढरी ऋण. एक तपकिरी, एक पांढरी शेजारी आली की जोडी शून्याची. तीनातून उणे दोन वजा करा म्हटलं की वर्ग बावचळतो. समोर तीन तपकिरी डाळी. त्यांत पांढऱ्या नाहीतच, तर काढणार कुठून? म्हणून शून्याच्या दोन जोड्या शेजारी मांडायच्या. किंमत तीनच राहते. आता दोन पांढऱ्या उचला. मागे पाच तपकिरी. “काढून घेतलं आणि वाढलं कसं?” हा प्रश्न मागच्या बाकावरून आला, तेव्हा मी उत्तर दिलं नाही. डाळी परत तशाच मांडल्या आणि त्या मुलालाच पुढे बोलावलं.