गुडघे, गोळ्या आणि सुया

गुडघेदुखीसाठी आपल्या घरांत येणाऱ्या गोळ्यांचे वेष्टण क्वचितच कोणी वाचते. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून आणि कॉन्ड्रॉइटिन प्राण्यांच्या कूर्चेपासून काढतात. साहजिकच मी त्या घेतल्या नाहीत.

माझ्या गुडघ्यांतील कूर्चा झिजली होती. आमवात निराळा; त्यात प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, तेथे औषधे टाळणे घातक. सामायिकाची ४८ मिनिटे मांडी घालून बसणे अशक्य होत चालले, तेव्हा ॲक्युपंक्चर स्वीकारले. वाटीखालच्या दोन खळग्यांत (चिनी परंपरेत हे ‘गुडघ्याचे डोळे’) बारीक सुया सुमारे वीस मिनिटे ठेवतात. सहा आठवड्यांनी खमासमण देताना कोणाच्या हाताचा आधार लागेनासा झाला. मांडी अजून पूर्ण वळत नाही.

सुईने कूर्चा भरून येत नाही, वेदना तेवढी उतरते. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शिकेत या उपचाराला सशर्त अनुकूलता दर्शविली. ब्रिटनच्या ‘नाइस’ने २०२२ मध्ये तो देऊ नये असे सांगितले. जाणकारांतच असा मतभेद असल्याने मांडीच्या स्नायूंचा रोजचा व्यायाम मी सोडलेला नाही.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी सांगावे. सुयांचे नवे पाकीट आपल्यासमोर उघडावयास लावावे. त्यात संकोच कसला?